नाताळची पार्टी आणि चौघांचे कोंडाळे

२६ नोव्हेंबर २०२१ची संध्याकाळ. नॉर्वेची राजधानी ओस्लो. एका कंपनीचे कर्मचारी रेस्तराँच्या स्वतंत्र दालनात जमले होते. निमित्त होते ‘यूलेबूर’चे. या शब्दाचा सरळ अर्थ नाताळचे टेबल. नोव्हेंबर संपता संपता नॉर्वेतल्या कंपन्या आपल्या माणसांना एकत्र जेवायला बोलावतात. वर्षभर ज्यांच्याशी फक्त कामापुरते बोलणे होते, त्यांच्याशी त्या रात्री निवांत गप्पा होतात.

त्या रात्री ११७ जण आले होते. बहुतेक तिशी ते पन्नाशीतले, धडधाकट. त्यांच्यापैकी ९६ टक्के लोकांचे लसीकरण पूर्ण झालेले. तरीही पुढच्या काही दिवसांत त्यांच्यातल्या ७४ टक्के लोकांना कोविडने गाठले. तेव्हा नव्याने दिसू लागलेल्या ओमायक्रॉनचा तो उद्रेक होता. लक्षणे दिसायला बहुतेकांना तीन-चार दिवस पुरले. सुदैवाने १३ डिसेंबरपर्यंत कोणालाही रुग्णालयात दाखल करावे लागले नव्हते. ‘युरोसर्व्हेलन्स’ या वैद्यकीय नियतकालिकात या घटनेचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्या डिसेंबरात युरोपभरच्या कंपन्यांनी ठरलेल्या पार्ट्या रद्द केल्या. सलग दुसऱ्या वर्षी.

पार्टी रद्द केल्याने विषाणूला अटकाव झाला, हे उघड आहे. पण पार्टीबरोबर आणखी काय रद्द झाले आणि त्याची भरपाई दुरून होऊ शकते का, हा प्रश्न मात्र साथ ओसरल्यावरही उरला आहे. आज अनेक कार्यालयांतली माणसे वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या देशांत बसून एकत्र काम करतात. त्यांच्यासाठी ‘एकत्र जमणे शक्य नाही’ ही नेहमीचीच अवस्था आहे.

धोका कशात होता?

पार्टीत धोक्याच्या सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी येतात. थंडीमुळे खिडक्या बंद, माणसे जवळजवळ, जेवताना मास्क नाही आणि मुक्काम तासन्‌तासांचा. त्यात भर पडते आवाजाची. खोलीत गोंगाट वाढला की प्रत्येक जण नकळत आवाज चढवतो. आवाज जितका मोठा, तितके तोंडावाटे बाहेर पडणारे सूक्ष्म कण जास्त, हे २०१९च्या एका अभ्यासात मोजून दाखवले गेले होते. गाण्याचेही तसेच. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या सरावाला ६१ जण जमले होते. त्यातले ५३ जण आजारी पडले, दोघे दगावले. म्हणजे हसणे, मोठ्याने बोलणे, गाणे, एकत्र जेवणे या ज्या गोष्टींसाठी पार्टी असते, त्याच विषाणूच्या पथ्यावर पडतात.

सभागृह उचलून पडद्यावर

डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सरकारी सूचनांत स्पष्ट लिहिले होते की, कामासाठी एकत्र येण्याची सवलत असली तरी ऑफिसचे नाताळचे जेवण किंवा पार्टी त्या सवलतीत बसत नाही. मग कंपन्यांनी पार्टी व्हिडिओ कॉलवर नेली. ब्रिटनमध्ये कर्मचाऱ्यांच्या वार्षिक समारंभावर माणशी १५० पौंडांपर्यंतचा खर्च करमुक्त असतो. पडद्यावरच्या पार्टीलाही ही सवलत मिळेल, असे कर खात्याने जाहीर केले. घरोघरी खाऊच्या टोपल्या पोचल्या. प्रश्नमंजूषा झाल्या, विचित्र स्वेटरांच्या स्पर्धा झाल्या, एकाच वेळी तीस-चाळीस जणांनी आपापल्या स्वयंपाकघरातून ग्लास उंचावले.

हेतू चांगला होता. पण अनेकांचा अनुभव सारखाच होता. पाऊण तासात डोके जड व्हायचे, दोघे-तिघेच बोलत राहायचे, बाकीचे हसरा चेहरा धरून बसायचे.

या थकव्याचे विश्लेषण अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये मांडले. त्यांनी चार कारणे दिली. एक, पडद्यावर सगळे चेहरे सतत आपल्याकडेच बघत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात इतक्या जवळून इतका वेळ कोणी आपल्याकडे टक लावून पाहत नाही. दोन, स्वतःचा चेहरा सतत समोर असतो, जणू दिवसभर कोणी आरसा धरला आहे. तीन, कॅमेऱ्याच्या चौकटीत राहायचे म्हणून हालचाल बंद होते. आणि चार, मान डोलावणे, नजर, हातवारे या एरवी आपोआप होणाऱ्या गोष्टी मुद्दाम कराव्या आणि ओळखाव्या लागतात.

याच्या जोडीला वेळेचे गणित आहे. दहा भाषांच्या २००९मधल्या तुलनात्मक अभ्यासात दिसले की, एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. इंटरनेटवर आवाज पोचायला थोडा जरी उशीर झाला तरी ही लय मोडते. दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात, ‘तुम्ही बोला, तुम्ही बोला’ सुरू होते. विनोदाची तर वेळच चुकते. व्हिडिओ कॉलवर सर्वांनी मिळून वाढदिवसाचे गाणे म्हणण्याचा प्रयत्न ज्यांनी केला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

चारपेक्षा जास्त झाले की...

मात्र पडद्यावरची पार्टी फसण्याचे सर्वांत मोठे कारण यंत्रात नाही, आकड्यात आहे. मानववंशशास्त्रातले नामवंत ब्रिटिश अभ्यासक रॉबिन डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये लोक आपणहून गप्पा मारतात तेव्हा किती जणांचा घोळका करतात, याची निरीक्षणे प्रसिद्ध केली. संभाषण साधारण चार जणांपर्यंत एकसंध राहते. पाचवा-सहावा आला की थोड्याच वेळात त्याचे दोन तुकडे होतात.

हे पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही. लग्नाच्या मांडवात पाहावे. हजार माणसे असली तरी गप्पा चालतात त्या तिघा-चौघांच्या कोंडाळ्यांत. कोणी एका कोंडाळ्यातून उठून दुसऱ्यात जातो, कंटाळा आला तर वाढपाच्या टेबलाकडे सरकतो. ऑफिसची पार्टीही अशीच असते. शंभर जणांची पार्टी म्हणजे चौघाचौघांच्या पंचवीस गप्पा.

व्हिडिओ कॉलवर नेमके हेच होत नाही. चाळीस जण एका खिडकीत असले, की एका वेळी एकानेच बोलायचे. शेजारच्याच्या कानात कुजबुजण्याची सोय नाही, सहज निसटण्याची नाही. राहते ती सभा, आणि सभेत माणसे मोकळी होत नाहीत.

हसण्याचे रसायन

मोकळे होणे ही चैन नाही, त्याला शरीरात आधार आहे. हास्याचा अभ्यास करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळले की, माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो. शिवाय बहुतेक हसणे विनोदावर नसतेच. ‘चला, निघतो आता’ यासारख्या साध्या वाक्यांवर असते. डनबर यांच्या गटाने प्रयोगांत दाखवले की, इतरांबरोबर मनसोक्त हसल्यानंतर माणसाची वेदना सोसण्याची क्षमता वाढते. फिनलंडच्या तुर्कू शहरातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये बारा पुरुषांच्या मेंदूची पेट तपासणी करून पाहिली. मित्रांबरोबर विनोदी चित्रफिती बघून हसल्यानंतर त्यांच्या मेंदूत एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक, सुखद रसायने पाझरल्याचे त्यांना दिसले. अभ्यास छोटा आहे, पण दिशा एकच दाखवतो. एकत्र हसल्याने जवळीक वाटते, आणि ते हसणे ठरवून आणता येत नाही.

उत्तर न मागणारी शुभेच्छा

मग दुरून काय साधते? याचे एक उत्तर ऑफिसच्या नाताळ पार्टीच्याच इतिहासात आहे. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या तरुण ब्रिटिश अभियंत्याने संगणकावरून जगातला पहिला एसएमएस पाठवला. मजकूर होता नाताळच्या शुभेच्छांचा, आणि तो गेला व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर. जार्विस त्या वेळी कंपनीच्या नाताळ पार्टीत होते. त्यांना उत्तर देता आले नाही, कारण त्या फोनवरून संदेश पाठवण्याची सोयच नव्हती.

एका माणसाने एका माणसाला पाठवलेले दोन शब्द किती मोलाचे असतात, हे आपण कमी लेखतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना आभाराचे पत्र लिहायला सांगितले. लिहिणाऱ्यांना वाटत होते की, समोरच्याला थोडे अवघडल्यासारखे होईल. प्रत्यक्षात पत्र मिळालेल्यांना फारसे अवघडले नाही आणि लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला. याच दोघांनी २०२१ मध्ये दाखवले की, मजकुरापेक्षा प्रत्यक्ष आवाजाने माणसे अधिक जोडली जातात. त्यात चेहऱ्याचा पडदा जोडून फारशी भर पडत नाही. म्हणजे साधा फोन अजूनही बाद झालेला नाही.

सगळ्यांना सारखे नाही

दुरूनचा सोहळा सर्वांना सारखा लागू पडत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. स्टॅनफर्डच्याच दहा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत व्हिडिओ कॉलने अतिशय थकवा येतो असे सांगणाऱ्या स्त्रिया १३.८ टक्के होत्या, तर पुरुष ५.५ टक्के. सतत स्वतःचा चेहरा दिसण्याचा ताण हे त्यामागचे एक मोठे कारण होते. उलट, लहान मुले किंवा आजारी माणसे घरी असलेल्यांना, दारू न पिणाऱ्यांना, रात्री उशिरा परतण्याची धास्ती असलेल्यांना घरून सामील होणे सोयीचे वाटू शकते. प्रत्यक्ष पार्टीही सर्वांना जवळ आणते असे नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की, कंपनीच्या पार्टीला गेल्याने आपल्यासारख्याच पार्श्वभूमीच्या सहकाऱ्यांशी मैत्री वाढते. वेगळ्या वंशाच्या सहकाऱ्यांशी ती तशी वाढत नाही.

आणि काही जणांसाठी हा प्रश्न साथीपुरता नसतो. गोव्यातले अनेक खलाशी दरवर्षी नाताळ समुद्रावरच साजरा करतात. २०२०च्या अखेरीस जगभरातले सुमारे चार लाख दर्यावर्दी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. रुग्णालयातल्या परिचारिका, वीजकेंद्रातले तंत्रज्ञ, अंटार्क्टिकावर मुक्काम करणारे संशोधक यांनाही तारीख पाळता येत नाही. अंटार्क्टिकावरच्या ब्रिटिश तळांनी यावर शोधलेली रीत लक्षात राहण्यासारखी आहे. तिथल्या हिवाळ्याचा मध्य म्हणजे २१ जून. त्या दिवशी मेजवानी होते, हाताने केलेल्या भेटवस्तू दिल्या जातात आणि बीबीसी १९५५ पासून त्यांच्यासाठी खास रेडिओ कार्यक्रम प्रसारित करते. त्यात घरच्यांचे निरोप असतात. श्रोते मूठभर, पण निरोप नाव घेऊन दिलेला.

मग कंपनीने काय करावे?

मोठी पार्टी पडद्यावर उभी करण्याचा हट्ट सोडावा, एवढे या सगळ्यातून नक्की निघते. वरिष्ठांचे चार शब्द आणि आभार दहा मिनिटांत उरकून लोकांना तिघा-चौघांच्या छोट्या गटांत सोडावे. असे गट करण्याची सोय व्हिडिओ कॉलच्या बहुतेक प्रणालींत आहे. एका गटात जमले नाही तर दुसऱ्यात जाण्याची मुभा असावी. एकूण वेळ तासाभराच्या आत राहावा. स्वतःचा चेहरा लपवण्याची आणि कॅमेरा बंद ठेवण्याची पूर्ण मोकळीक असावी. हजेरी घेऊ नये. सक्तीची मजा ही मजा राहत नाही.

वेळेचा विचारही हवा. लंडनमध्ये दुपारचे चार वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. लंडनच्या सहकाऱ्याला जो कामाचा वेळ, तो पुण्यातल्या सहकाऱ्याला मुलांना झोपवण्याचा. वेळ आलटून पालटून ठेवली किंवा प्रत्येक शहरातल्या माणसांनी आपल्यापुरते जमायचे ठरवले, तर कोणा एकाच्याच घरावर भार येत नाही. खाऊची टोपली पाठवायची असेल तर ती शाकाहारी कोण, मद्य कोणाला चालत नाही हे विचारून पाठवावी. त्या दिवशी कामावर असलेल्यांचा वाटा आधी काढावा, उरलेला नव्हे.

आणि ज्यांच्याकडे बारा-पंधरा माणसांची टीम आहे, त्यांनी प्रत्येकाला एक फोन करावा किंवा दोन ओळी लिहाव्यात. ‘वर्षभर छान काम केलेत’ असे सरधोपट नव्हे. ‘मार्चमध्ये ते काम अडले होते तेव्हा तुम्ही सावरून घेतलेत, ते लक्षात आहे’ असे. याला ना सभागृह लागते, ना चांगले इंटरनेट. कदाचित समोरून लगेच काही उत्तर येणार नाही. १९९२च्या त्या पार्टीतूनही आले नव्हते.