सिस्टरचा विमा कुणाच्या नावावर?

वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) ही वैद्यकीय शिक्षणाची दोन मोठी केंद्रे आहेत आणि दोन्हींच्या जोडीला परिचर्या महाविद्यालये आहेत. तिथून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलीची नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते ती परिचारिका आणि प्रसाविका अशा दुहेरी नात्याने. आर्वी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात रात्री-अपरात्री बाई अडते तेव्हा बाळाचे ठोके ऐकणे, पार्टोग्राफ म्हणजे बाळंतपणाच्या प्रगतीचा तक्ता भरणे, कळा असूनही बाळंतपण पुढे सरकत नाही हे ओळखून तिला वेळेत वर्ध्याला पाठवणे, ही कामे बहुतेक वेळा सिस्टरच करते. यातल्या एखाद्या निर्णयावरून उद्या नुकसानभरपाईचा दावा झाला, तर पैसे कोण देणार? यावर ठरलेले उत्तर असे की केस डॉक्टरवर होते, सिस्टरवर नाही. हा समज अर्धा खरा आहे आणि म्हणूनच तो इतका टिकला आहे.

खरा अर्धा भाग असा. ‘सविता गर्ग’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सांगितले की रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांच्या चुकीसाठी रुग्णालय जबाबदार असते आणि त्यासाठी प्रत्येक डॉक्टर-नर्सला प्रतिवादी करण्याची गरज नाही. त्याआधी 1998 च्या ‘स्प्रिंग मेडोज’ प्रकरणात नर्सने दिलेल्या चुकीच्या इंजेक्शनमुळे लहान मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाख रुपयांची भरपाई कायम झाली. पैसे रुग्णालयाकडूनच वसूल करणे सोपे असते, म्हणून तक्रारदाराचा वकीलही तिकडेच बोट दाखवतो. पण गरज नाही म्हणजे मनाई आहे असे नव्हे. सिस्टरला नावानिशी प्रतिवादी करता येते, कौन्सिलकडे तिच्या नोंदणीविरुद्ध तक्रार करता येते आणि पोलिसांत गुन्हाही नोंदवता येतो. इथे कायद्याने एक विचित्र भेद केला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मात्र वैद्यकीय प्रक्रिया करताना तसे घडले तर नोंदणीकृत डॉक्टरला कमाल दोन वर्षांची. ही सवलत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली पात्र असलेल्यांनाच आहे. परिचारिका-प्रसाविका त्या व्याख्येत बसत नाही. कोणताही विमा कैद किंवा दंड भरून देत नाही, हे खरेच. पण वकिलाची फी आणि बचावाचा खर्च हा पॉलिसीच्या अटींचा भाग असतो, आणि महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या बाईला आधी मोडतो तो हाच खर्च.

‘रुग्णालयाची पॉलिसी आहे ना’ हा दुसरा समज याहून जास्त फसवा, कारण तो कागदावर बरोबर दिसतो. आपल्याकडच्या इंडेम्निटी पॉलिसी मुख्यतः दोन साच्यांत बेतलेल्या आहेत: एक डॉक्टरसाठी, दुसरी रुग्णालयासाठी. रुग्णालयाची पॉलिसी आधी रुग्णालयाचे दायित्व झाकते; त्यात कर्मचारी धरले आहेत का आणि त्यांच्या नोंदणीची अट आहे का, हे पॉलिसीचा मजकूर ठरवतो. शिवाय या पॉलिसी साधारणपणे दावा ज्या काळात दाखल होतो त्या काळाला लागू असतात. चूक घडली त्या दिवशी पॉलिसी चालू होती, एवढ्याने भागत नाही. बाळंतपणाच्या बाबतीत ही अट फार जाचक ठरते. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, पण अज्ञान मुलाच्या वतीने दिवाणी दावा करायचा तर मुदत कायद्याप्रमाणे ते मूल सज्ञान झाल्यानंतरही तीन वर्षांपर्यंत वेळ राहू शकतो. आज हिंगणघाटच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये जन्मलेल्या बाळाचा दावा वीस वर्षांनी उभा राहणे कायद्याला अशक्य वाटत नाही. तोवर सिस्टरने तीन नोकऱ्या बदललेल्या असतील आणि ते नर्सिंग होम कदाचित बंदही पडलेले असेल.

सरकारी नोकरीतल्या सिस्टरला वाटते की आपल्याकडे सगळे मोफत, म्हणजे दाव्याचा प्रश्नच नाही. ‘व्ही. पी. शांता’ या 1995 च्या निकालात सर्वच रुग्णांना मोफत सेवा देणारे रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर ठेवले आहे, आणि जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमामुळे 2011 पासून सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, विनाशुल्क आहे. पण त्याच निकालात असेही आहे की काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयातला मोफत रुग्णही ग्राहकच ठरतो. ट्रस्टच्या रुग्णालयांनी हे वाक्य दोनदा वाचावे. आणि ग्राहक आयोगाचे दार बंद असले तरी दिवाणी न्यायालयाचे उघडेच राहते. ‘संत्रा’ प्रकरणात 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने हरियाणा सरकारला आपल्या डॉक्टरच्या निष्काळजीपणाची भरपाई द्यायला लावली. सरकारला पटले तर ते स्वतःच विमाकर्ता होऊ शकते, याचे उदाहरणही घरचेच आहे. कुटुंब नियोजन शस्त्रक्रियांसाठी 2005 मध्ये विमा योजना आली, 2013 पासून तिची रक्कम सरकार थेट देते, आणि तिच्यात डॉक्टर व आरोग्य संस्था यांच्यावरच्या दाव्यांसाठीही तरतूद ठेवली गेली. नसबंदीसाठी जमले ते प्रसूतीसाठी का जमू नये, याचे समाधानकारक उत्तर मला सापडत नाही.

‘इतका महाग विमा सिस्टरला कसा परवडेल’ हा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. परदेशातला अनुभव त्याच्या बाजूने आहे. ब्रिटनमध्ये 2014 पासून विमा किंवा तत्सम संरक्षणाशिवाय प्रसाविकेला काम करता येत नाही. 2017 च्या जानेवारीत तिथल्या नियामकाने स्वतंत्र प्रसाविकांच्या संघटनेची विमा योजना अपुरी ठरवली आणि अनेकींना काम थांबवावे लागले. ऑस्ट्रेलियात 2001 नंतर खासगी कंपन्यांनी अंग काढून घेतले. शेवटी 2010 मध्ये सरकारने अनुदानित योजना आणली आणि एक लाख डॉलरच्या वरच्या दाव्याचा 80 टक्के भार उचलला. दावे क्वचित पण प्रचंड रकमेचे, आणि ते वाटून घ्यायला माणसे मूठभर. हप्ता चढतो तो यामुळे. एकेकटीने घेतलेला विमा महाग पडणारच. जोखीम वाटून घेण्याचे तत्त्व वर्ध्याला मुळीच परके नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने आसपासच्या गावांत आरोग्य विमा चालवला तेव्हा शेतकरी ऐपतीप्रमाणे ज्वारीच्या रूपात हप्ता देत. आजारी पडेल त्याचा खर्च गाव मिळून उचलत असे. कौन्सिलच्या नूतनीकरण शुल्काबरोबर गट विम्याचा लहानसा हप्ता जोडला, तर राज्यभरातल्या सिस्टर एका पॉलिसीत येतील आणि नोकरी बदलली तरी संरक्षण नोंदणीबरोबर चालत राहील.

विमा आला की निष्काळजीपणा आणि दावे दोन्ही वाढतील, असे काही डॉक्टर म्हणतात, आणि गंमत म्हणजे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांच्या स्वतःच्या कपाटात पॉलिसी असते. दावा उभा राहतो तो हानीमुळे आणि नीट न बोलल्यामुळे. समोरच्या सिस्टरचा विमा आहे की नाही, हे बाळंतिणीच्या नातेवाइकांना माहीतही नसते. उलट विमा कंपनी दाव्याच्या वेळी आधी मागते ते कागद: पार्टोग्राफ, ठोक्यांच्या नोंदी, ऑक्सिटोसिन कधी लावले, डॉक्टरांना कधी कळवले, रुग्ण कधी हलवला. या नोंदी वेळेवर ठेवल्या तर बाईचा जीवही वाचतो. आणि प्रश्न आता पुढे ढकलण्यासारखा राहिलेला नाही. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी 18 महिन्यांचे विशेष प्रशिक्षण घेतलेल्या प्रसाविकांनी चालवायचे कक्ष आखून दिले आहेत, आणि 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा झाला. निर्णय तिचा म्हटल्यावर जबाबदारीही तिचीच धरली जाणार.

तोवर लेबर रूममध्ये काम करणारीने रुग्णालयाच्या कार्यालयात जाऊन पॉलिसीची प्रत मागावी. तिच्यात आपले नाव किंवा पद आहे का, एका दाव्याला आणि वर्षभरात मिळून किती रकमेची मर्यादा आहे, कोणत्या तारखेनंतरच्या घटना धरल्या आहेत आणि नोकरी सोडल्यावर जुन्या घटनेचा दावा आला तर काय, एवढे तरी लेखी विचारावे. आणि स्वतःच्या नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नये. ते चुकले की पॉलिसी असूनही कंपनीला हात झटकायला जागा मिळू शकते.