एकदा तारीख नसताना जा!

पहूरहून दक्षिणेची एस.टी. धरली, की अजिंठ्याचा घाट चढून सिल्लोडवरून ती छत्रपती संभाजीनगरला पोचते. आपण तिथे जातो ते खंडपीठाची तारीख असली किंवा ‘घाटी’त रुग्ण असला तरच. घरच्या बायामाणसांना शहर दिसते ते दवाखान्याच्या ओट्यावरून! कपाशीची वेचणी आटोपली, की एक दिवस त्यांच्यासाठी काढा.

आधी पाणचक्की दाखवा. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी खापराच्या नळांतून काही किलोमीटर खेळवत इथवर आणलेले आहे. ना पंप, ना वीज. उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या जोराने चाक फिरे आणि दर्ग्यात उतरलेल्या फकीर-यात्रेकरूंचे दळण निघे. जन्मभर जाते ओढलेल्या आजीला इथून लवकर उठवू नका.

मग जवळचा बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही सतराव्या शतकातली कबर. पोरांना हुंदडायला बाग ऐसपैस आहे.

कळण्याची भाकरी आणि ठेचा घरूनच बांधून न्या. हॉटेलात सहा ताटांचे पैसे मोजवत नाहीत. वाचले त्यात गुलमंडीवर उडदाच्या डाळीची गरम इमरती सगळ्यांना द्या. मांसाहारी मंडळींनी नान-खलिया चुकवू नये. वेरूळ मात्र याच फेरीत कोंबू नका. त्याला वेगळा दिवस हवा, आणि तो मंगळवार नको, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. परतीच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर विचारून ठेवा.