तळाच्या दोन ओळी

पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानावर तळाशी दोन ओळी छापलेल्या असतात. रोमन कॅपिटल अक्षरं, आकडे आणि मधूनमधून डावीकडे टोक केलेली कोन-चिन्हं. दोन्ही ओळींत बरोबर 44-44 जागा. वाचायला जावं तर अर्थ लागत नाही, म्हणून आपली नजर तिथे थांबत नाही. पण परक्या देशाच्या विमानतळावर अधिकारी तो पासपोर्ट यंत्रावर पालथा ठेवतो, तेव्हा यंत्र आधी याच ओळी वाचतं. पासपोर्ट भारताचा असो, आइसलँडचा असो की बोलिव्हियाचा. ओळी त्याच जागी, त्याच मापात, त्याच क्रमाने. नदीच्या पाण्यावरून शेजारी देशांचं वर्षानुवर्षं जमत नाही, आणि या 88 जागांवर मात्र जवळजवळ साऱ्या जगाचं एकमत आहे. मला तरी हे फार मोठं नवल वाटतं.

हे एकमत एका दिवसात झालेलं नाही. 1920 साली राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवली आणि पासपोर्ट 32 पानांच्या पुस्तिकेच्या रूपात असावा, असं सुचवलं. पुढे 1944 च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे ‘इकाओ’, उभी राहिली. मॉन्ट्रियलला मुख्यालय असलेल्या या संघटनेचे आज 193 सदस्य देश आहेत. यंत्राला वाचता येणारा पासपोर्ट कसा असावा, याची तिची नियमावली ‘दस्तऐवज 9303’ या रुक्ष नावाने 1980 मध्ये पहिल्यांदा निघाली. तळाच्या ओळींतलं अक्षरांचं वळणसुद्धा ठरलेलं आहे. त्याचं नाव ओसीआर-बी. 1968 मध्ये आद्रियान फ्रुटिगर या स्विस अक्षरकाराने ते यंत्र आणि माणूस दोघांनाही वाचता यावं अशा बेताने घडवलं. 24 नोव्हेंबर 2015 नंतर हाताने लिहिलेले पासपोर्ट चालणार नाहीत, असंही याच नियमांनी ठरवलं. आपल्याकडे काहींजवळ 20 वर्षं मुदतीचे जुने हस्तलिखित पासपोर्ट होते, त्यांना ते बदलून घ्यावे लागले.

या नियमावलीत नमुन्याचा म्हणून जो पासपोर्ट छापला आहे, तो ‘यूटोपिया’ या देशाचा आहे. टॉमस मोरने 1516 मध्ये कल्पनेने रचलेला देश! कुठल्याच खऱ्या देशाला झुकतं माप मिळू नये, म्हणून सोय उत्तमच. तिथली नागरिक अॅना मारिया एरिक्सन, जन्म 12 ऑगस्ट 1974. तिच्या पहिल्या ओळीत आधी पासपोर्टची खूण, मग देशाची तीन अक्षरं, मग आडनाव, दोन कोन-चिन्हं आणि त्यानंतर नाव. उरलेल्या जागा कोन-चिन्हांनी भरलेल्या. खरी गंमत दुसऱ्या ओळीत आहे. तिथे जन्मतारीख 740812 अशी लिहिली आहे आणि तिला चिकटून आणखी एक आकडा आहे: 2.

हा 2 आला कुठून? तारखेतल्या आकड्यांना ओळीने 7, 3, 1, 7, 3, 1 ने गुणायचं. सात साते 49, चार त्रिक 12, शून्य, आठ साते 56, एक त्रिक 3, दोन एके 2. बेरीज 122. दहाने भागलं की बाकी 2. तोच हा आकडा. समजा यंत्राने 8 चा 3 वाचला, तर 56 च्या जागी 21 येतात, बेरीज 87 होते, बाकी 7 उरते आणि यंत्र लगेच सांगतं की वाचण्यात चूक झाली. पासपोर्टचा क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख यांनाही असाच एकेक पहारेकरी आकडा आहे, आणि ओळीच्या अगदी शेवटी या सगळ्यांवर मिळून आणखी एक. क्रमांकातल्या अक्षरांची किंमत ए म्हणजे 10 पासून झेड म्हणजे 35 पर्यंत धरतात. चौथी-पाचवीतल्या मुलाला पाढ्यांवर करता येईल एवढं हे गणित! त्यात एक फट मात्र आहे. शेजारच्या दोन आकड्यांत 5 चा फरक असेल आणि त्यांची अदलाबदल झाली, तर बाकी तीच येते आणि चूक निसटते.

चिप असलेल्या पासपोर्टात तर हे तीन तुकडे, म्हणजे क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत, चिपची किल्ली होतात. पान उघडून ओळी वाचल्याशिवाय चिप काही सांगतच नाही, म्हणजे बंद पासपोर्टातून कुणी येता-जाता माहिती उचलू नये अशी ही व्यवस्था. शिवाय चिपमधल्या मजकुरावर देशाची डिजिटल सही असते. एक अक्षर बदललं तरी ती जुळत नाही. भारताने असे ई-पासपोर्ट 2024 मध्ये नागपूर आणि भुवनेश्वरपासून प्रायोगिक स्वरूपात द्यायला सुरुवात केली. मुखपृष्ठावरच्या छोट्या सोनेरी चिन्हावरून तो ओळखू येतो. आणि आपल्या पासपोर्टच्या पुस्तिका छापल्या जातात त्या नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. तिथून निघालेलं पुस्तक जगभरच्या यंत्रांना वाचता येतं, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

व्हिसाचा कारभार मात्र प्रत्येक देशाचा वेगळा. नेपाळला आपण मतदार ओळखपत्रावरही जाऊ शकतो. युरोपातल्या शेंगेन देशांचे नियम अगदी काटेकोर. पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत दिलेला हवा, तिथून परतल्यावरही त्याची मुदत किमान 3 महिने शिल्लक हवी, दोन पानं कोरी हवीत आणि 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा हवा. राहायचं ते कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. कित्येक देश 6 महिन्यांची मुदत मागतात, त्यामुळे छापील तारीख लांब असली तरी पासपोर्ट त्या प्रवासापुरता संपलेला असू शकतो. हे सगळं आधी तपासतं ते विमान कंपनीचं काउंटर, ‘टिमॅटिक’ नावाच्या माहितीसाठ्यात बघून. कारण प्रवाशाला सीमेवरून परत पाठवलं तर त्याला आणण्याची जबाबदारी कंपनीवर येते. आणि व्हिसा हातात असला तरी आत सोडायचं की नाही, हे शेवटी सीमेवरचा अधिकारीच ठरवतो.

मराठी माणसाने इथे एका गोष्टीकडे जास्त लक्ष द्यावं. आपलं नाव तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टात रकाने दोनच, त्यामुळे मधलं नाव बहुधा पहिल्या नावासोबत जातं. त्यात ‘दीक्षित’ कुणी एका आय-ने लिहितं, कुणी दोन ई-ने. आपल्याला दोन्ही एकच. यंत्राला ती दोन वेगळी माणसं. तेव्हा तिकीट काढताना आणि व्हिसाचा अर्ज भरताना आधार कार्ड बाजूला ठेवा, पासपोर्ट उघडा आणि तळाच्या ओळीत नाव जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर उतरवा. मुदतीची तारीखही त्याच वेळी बघून घ्या. पासपोर्टचं नूतनीकरण मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून करता येतं.