चोर्ल्याला पाखरं बघायला जाताना

बेळगावहून पणजीच्या वाटेला लागलं की जांबोटी, मग कणकुंबी (मलप्रभेचा उगम इथलाच) आणि पुढे चोर्ला घाट. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या टापूत एकमेकांना भिडतात. स्वप्नगंधा खोऱ्याच्या माथ्यावरच्या ‘वाइल्डरनेस्ट’ रिसॉर्टच्या खोल्या अकेशियाच्या लाकडाच्या आहेत. हे झाड मूळचं बाहेरचं; त्यामुळे देशी झाडांवर कुऱ्हाड चालली नाही, याचं मोल मोठं.

पावसाळ्यात उजाडायच्या सुमारास ओढ्याकाठी एखादं पोर उनाड शीळ घालतंय असं वाटलं, तर तो शीळकरी कस्तूर. दिसायला काळा, पण ऊन पडलं की कपाळावर आणि खांद्यावर निळी झाक चमकते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मलबारी राखी धनेशाची वीण सुरू होते. मादी ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते. नर उंबर-वडाची फळं आणून तिला भरवतो. तो बुजला, तर आतली मादी आणि पिल्लं उपाशी राहतात. म्हणून ढोलीखाली घुटमळू नका, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. दुर्बीण घ्या, मळखाऊ रंगाचे कपडे घाला आणि लांबूनच बघा.