लोणी कढताना

वर्ध्याजवळची नालवाडी आणि गाईचं दूध-तूप यांचं नातं जुनं आहे. विनोबा भावे यांनी १९३४ साली इथे ग्रामसेवा मंडळ उभं केलं. लगतच्या गोपुरीत जमनालाल बजाज यांनी गोसेवेला वाहून घेतलं, ते फेब्रुवारी १९४२ मध्ये जाईपर्यंत. वर्ध्याहून परतणारा पाहुणा आजही गाईच्या तुपातल्या गोरसपाक बिस्किटांचा पुडा बरोबर नेतो. म्हणूनच पदार्थाची अवस्था बदलताना नेमकं काय घडतं, हे पाहायला मी बर्फाऐवजी इथल्या एका घरातलं लोणी निवडलं.

त्या घरातल्या काकूंनी लोण्याचा गोळा गंजात टाकला आणि गॅस मंद केला. बर्फ ठरलेल्या तापमानाला वितळतो, लोण्याचं तसं नाही. कडा आधी सैल झाल्या, मग गोळा बसला, मधला पांढरा भाग बराच वेळ तग धरून राहिला. लोण्यात अनेक प्रकारचे स्निग्ध रेणू असतात आणि प्रत्येक प्रकार वेगळ्या तापमानाला आपली घट्ट रचना सोडतो. काही तर साध्या खोलीतही पातळच असतात.

मग तडतड सुरू झाली. लोण्यात ताकाच्या पाण्याचे बारीक थेंब अडकलेले असतात. ते जड असल्याने तळाशी जातात, तापतात आणि त्यांची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते, म्हणून ती तूप उडवत वर येते. पाण्याचा रेणू मात्र आहे तेवढाच राहतो. तो फुगत नाही, फक्त शेजाऱ्यांपासून लांब जातो. शाळेतल्या पुष्कळ मुलांचा इथेच घोटाळा होतो.

गंजात सोडलेल्या तापमापीचा पारा शंभराच्या आसपास येऊन थांबला. खाली आच चालू, वर पारा स्थिर! एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला शंभर कॅलरी लागतात, पण त्याच उकळत्या ग्रॅमची वाफ करायला आणखी ५४०. ती सगळी उष्णता रेणूंची आपसातली ओढ तोडण्यात खर्च होते, पारा चढवायला उरत नाही. हाच अप्रकट उष्मा.

काकू तापमापीकडे पाहतही नव्हत्या. त्यांचं लक्ष आवाजाकडे होतं. तडतड मंदावली, फेस बारीक झाला, तळाची बेरी बदामी दिसू लागली. ‘‘आता बंद करा,’’ त्या म्हणाल्या. पाणी संपलं होतं, पारा भराभर चढू लागला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर बेरी करपली असती.

गाळलेलं तूप त्यांनी ओट्यावरच झाकून ठेवलं, फ्रिजमध्ये नाही. सावकाश निवताना उशिरा वितळणारे रेणू आधी एकत्र येतात, त्यांना रचायला वेळ मिळतो आणि रवा मोठा धरतो. झटकन गार केलं की असंख्य बारीक स्फटिक एकदम तयार होतात आणि तूप गुळगुळीत थिजतं. सकाळी बरणीत पिवळ्या पातळ तुपात टपोरी कणी बसलेली होती. रवाळ तूप ही चांगल्या हाताची खूण मानतात. माझ्या मते तिचं बरंचसं श्रेय त्या रात्रभराच्या सवडीला आहे.

विज्ञानाच्या शिक्षकांना एक विनंती: यंदा अवस्थांतराचा धडा शिकवताना वर्गात वाटीभर लोणी कढवा, आणि दर मिनिटाचं तापमान मुलांना फळ्यावर लिहायला लावा.