शहराखालून वाहणारं पाणी

सुट्टीला जोडून आम्ही दोघं नाशिकहून छत्रपती संभाजीनगरला गेलो. बहुतेक जण थेट वेरूळला पळतात. बायको इंजिनिअर आणि मला जुन्या पाणीव्यवस्थांचं वेड, म्हणून आम्ही नहरी, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारे जुने मार्ग, बघत हिंडलो.

मलिक अंबरने १६१० च्या सुमारास इथे खडकी वसवली. गावाला पाणी हवं म्हणून काही वर्षांतच नहर-ए-अंबरी बांधून घेतली.

आपल्या नाशिकच्या गंगापूर धरणाच्या कालव्यासारखी ती उघडी नाही. डोंगराकडच्या भागात जमिनीत मुरलेलं पाणी गोळा करायचं आणि उताराने, जमिनीखालून शहरात आणायचं. पंप नाही की इंजिन नाही! पाणी झाकलेलं, त्यामुळे बाष्पीभवन कमी आणि घाणही कमी.

पुढे अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्यातलीच. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापरी नळांतून येतं आणि उंच भिंतीवरून हौदात कोसळतं. त्याच जोरावर चक्की फिरायची आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी धान्य दळलं जायचं.

मला सगळ्यात आवडलं ते हौदाखालचं दालन. हौदाचा तळ हेच त्याचं छत, म्हणून भर उन्हाळ्यातही गारवा.

वाटेत उंच मनोरे दिसले तर थांबा. त्यांना बंबे म्हणतात. नळातली अडकलेली हवा तिथून निघून जाते आणि पाण्याचा दाबही आटोक्यात राहतो. बायको तिथून हलायलाच तयार नव्हती.

एका दिवसात काय काय बघता येईल, ते विचारा. जमेल तसं सांगतो.