डोंगराआडून हॅलो!

पुण्याहून पौड गाठावे, तेथून उजवीकडे वळावे, म्हणजे वळकी नदीचे एक देखणे खोरे लागते. हे कोळवणचे खोरे. खाली भाताची खाचरे, दोन्ही अंगांना डोंगर आणि वरच्या टोकाकडे साडेतीन हजार फूट उंचीचा तिकोना. चित्रकाराला हवे ते सारे येथे हजर! पण मोबाईलच्या जाळ्याची आखणी करणारा इंजिनियर हेच खोरे पाहून कपाळाला हात लावील. पुणे येथून दूर नाही. पण त्याचे वैर अंतराशी नसते, डोंगराशी असते.

वाचकहो, आपल्या खिशातला दूरध्वनी ज्या लहरींवर बोलतो, त्या साऱ्या सारख्या नसतात. ७०० मेगाहर्ट्झची लहर जवळजवळ हातभर लांब असते. ती दूरवर जाते, टेकडीला थोडासा वळसाही घालते. फाइव्ह-जीसाठी मुख्यतः वापरतात ती ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर जेमतेम चार-पाच बोटांची. तिच्यात माहिती भरपूर मावते, पण भिंत आडवी आली तरी ती दमते, मग डोंगराची काय कथा! तेव्हा शहराला आखूड लहर आणि खोऱ्याला लांब लहर, ही सरळ वाटणी झाली.

मौज अशी की, ही लांब लहरच कित्येक वर्षे धूळ खात पडली होती. २०१६ साली सरकारने ती लिलावात मांडली, तेव्हा किंमत ऐकून एकही कंपनी पुढे आली नाही. २०२१ मध्येही तेच झाले. २०२२ साली भाव उतरवला, तेव्हा कुठे जिओने ती घेतली. भारत संचार निगमला ती लिलावाविना देण्याचे पुढच्या वर्षी ठरले. खजिना भरण्याच्या नादात दुकान उघडायचेच राहून गेले, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर देणार?

बरे, लहर मिळाली तरी मनोरा फुकट उभा राहत नाही. त्याला वीज हवी, वीज गेली तर बॅटरी किंवा डिझेल हवे, आणि मनोऱ्यापासून पुढे बोलणे वाहून नेणारी केबल हवी. दहा-वीस घरांच्या वाडीसाठी हा खर्च कोणती कंपनी आपखुशीने करील? म्हणून तर कंपन्यांच्या उत्पन्नातून शेकडा ५ वर्गणी घेऊन २००२ साली एक निधी सुरू झाला. आज त्याला 'डिजिटल भारत निधी' म्हणतात. जाळे न पोचलेल्या २४,६८० गावांना फोर-जी देण्याची २६,३१६ कोटींची योजनाही २०२२ साली मंजूर झाली.

मुळशीच्या माणसाला अशा योजनांकडे पाहताना जुनी आठवण होणारच. धरणाची वीज मुंबईला गेली आणि बुडाली ती इथली शेते. त्यासाठी १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला होता.

कोणी म्हणेल, वाडीवर रेंज नसली म्हणून काय आभाळ कोसळते? ३० जुलै २०१४ रोजी याच पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, डोंगर कोसळला. माळीण गाव गाडले गेले, दीडशेच्या आसपास माणसे गेली. आणि त्याची वर्दी बाहेर पोचवली ती एस.टी.च्या चालकाने, नेहमीच्या जागी गाव दिसेना तेव्हा!

म्हणून माझे म्हणणे असे की, आखणीच्या कागदावर गावाच्या नावापुढे बरोबरची खूण करून भागायचे नाही. गावठाणात रेंज असते आणि डोंगराच्या कुशीतली वाडी मुकीच असते. मोजायची ती वाडी, आणि तीही भर आषाढात, वीज गेलेली असताना. २०२४ च्या नियमांप्रमाणे कंपन्यांना आपले जाळे कोठवर पोचले त्याचे नकाशे आता संकेतस्थळावर मांडावे लागतात. आपले गाव डोंगराआड असेल तर या दिवाळीत तिकडे जाताना तो नकाशा उघडून पाहा, आणि रंगवलेल्या जागी उभे राहून एकदा घरी फोन लावा. लागला नाही, तर ग्रामसभेत सांगा.